आनंदाभाऊ थापटत नसत

रविवार, १२ मे १९९६. सकाळी आठ. शाळेचा हॉल, कोल्हापूर.

हजर: मुंबईहून आलेले मुख्य प्रशिक्षक मुळगावकर सर. आमच्या ज्यूदो वर्गाचे कांबळे सर. कोल्हापुरातली मुलं-मुली, गडहिंग्लजहून पहाटेच्या एसटीने आलेली तुकडी, आणि आदल्या दिवशीच येऊन आत्याकडे मुक्काम केलेली चंदगडची दोन भावंडं. शाळेचा शिपाई. चहा-पाणी आणि जेवण बघायला मुलांच्या आयांपैकी आम्ही तिघी. आणि आनंदा चौगले.

हे शेवटचं नाव कुठल्या रकान्यात लिहायचं ते मला कळेना. मी बँकेत काम करते. मुलगी वर्गात जायची म्हणून शिबिराच्या याद्या माझ्याकडे आल्या, त्या आजतागायत आहेत. माझ्याकडे पाहुणे, प्रशिक्षक, शिबिरार्थी आणि साहित्य असे चार रकाने होते. हा माणूस पाहुणा नव्हता, शिकवत नव्हता, शिकायलाही आलेला नव्हता. शेवटी मी त्यांना साहित्यात टाकलं: गाद्या, ताडपत्री, बर्फ, मलम, आनंदा चौगले.

त्यांनी ते माझ्या खांद्यावरून वाचलं आणि हॉल दणाणेल असे हसले.

"बरोबर लिवलासा की मॅडम. आपटायचं सामान हाय मी."

आणि ते खरंच होतं. शिबिरात पाहुणा प्रशिक्षक एखादा डाव दाखवतो तेव्हा तो कुणावर तरी दाखवावा लागतो. त्या माणसाला उके म्हणतात. उकेने हल्ला करायचा, डावात सापडायचं, पडायचं, उठायचं, पुन्हा हल्ला करायचा. मुलं बघतात ती प्रशिक्षकाकडे. उके कुणाच्या लक्षात राहत नाही. पण कोल्हापुरात दहा-बारा वर्षं असं झालं, की मुलं घरी जाऊन प्रशिक्षकाचं नाव विसरायची आणि "ते पडणारे काका" एवढंच सांगायची.

आनंदाभाऊ राधानगरीकडचे. धरणाच्या अलीकडे त्यांचं गाव, थोडं भात, थोडा ऊस, दोन म्हशी. पोरवयात गावच्या तालमीत होते. कोल्हापूरला दुधाच्या शीतकरण केंद्रात नोकरी लागली. दुधाचे भरलेले कॅन गाडीतून उतरवून पट्ट्यावर ठेवायचे, हे त्यांचं काम. खोली भाड्याची. बायको सुशीलावहिनी गावाकडे, शनिवार-रविवार तिकडे. कुस्ती गुडघ्यानं सोडायला लावली होती. एकदा संध्याकाळी ते शाळेच्या खिडकीत उभे राहून आमचा वर्ग बघत होते. कांबळे सर शाळेत पीटी शिकवायचे. माणूस अंगानं भरलेला आहे, हे त्यांनी ओळखलं. डाव दाखवताना उचलून फेकायला त्यांना वजनदार माणूस हवाच होता.

"पावणं, आत या. पडणार का?" सरांनी विचारलं.

"कशापायी?"

"पोरांना दाखवायला."

"लागंल?"

"नाही लागणार. शिकवतो."

"मग पडतो की," म्हणाले, आणि चप्पल काढून आत आले.

हे बोलणं मी कांबळे सरांकडूनच अनेकदा ऐकलं आहे. ते सांगताना हसायचे. आता सांगत नाहीत.

जो माणूस तालमीत वाढला, त्याला पडायला सांगणं ही केवढी गोष्ट आहे, हे मला पुष्कळ उशिरा समजलं. कुस्तीत पाठ मातीला लागली की संपलं. पाच-सहा वर्षांच्या पोराला तालमीतल्या मातीच्या हौद्यात उतरवतात ते पाठ वाचवायला शिकवण्यासाठीच. आणि ज्यूदोचा पहिला धडा काय, तर पाठीवर पडा. नीट पडा. हनुवटी छातीला लावा, पट्ट्याच्या गाठीकडे बघा, दोन्ही हात गादीवर सपाट आपटा. आनंदाभाऊंना पहिले पंधरा दिवस पाठीवर पडताच आलं नाही. शरीर आपोआप वळायचं, पोटावर यायचं. "पाठ लागू देत न्हाई वो सर, मी काय करू? त्येचं त्येच वळतंय," असं म्हणायचे.

गावात ही बातमी पोहोचलीच. बाजाराच्या दिवशी वस्तादांनी त्यांना भर चौकात अडवलं.

"काय रं आंद्या, शहरात जाऊन पाठ लावून घेतोस म्हनं?"

"व्हय, वस्ताद."

"आज किती येळा चितपट झालास?"

"मोजलं न्हाई. चाळीस तरी असंल."

"आन् लाज?"

"ती पैल्या येळंलाच गेली. मग सोपं गेलं."

वस्ताद थुंकले आणि निघून गेले. त्यानंतर मरेपर्यंत ते आनंदाभाऊंशी बोलले नाहीत. आनंदाभाऊ मात्र गावी गेले की तालमीच्या दारात जाऊन मातीला हात लावून यायचे. आमच्या हॉलमध्ये शिरतानाही तसंच. ज्यूदोत गादीवर जाण्याआधी कमरेत वाकायची रीत आहे. आनंदाभाऊ आधी वाकायचे, मग खाली बसून गादीला हात लावून कपाळाला लावायचे. कांबळे सर म्हणायचे, "एकच करा. इथं वाकायचं असतं." त्यावर उत्तर ठरलेलं: "वाकतो की. पन पाया पडल्याबिगर पाय टाकवत न्हाई."

ते पडायला लागले म्हणजे हॉलमध्ये आवाज घुमायचा. ताडपत्रीवर दोन्ही तळवे एकदम: थाप! एखाद्या नव्या मुलाची आई दचकून उभी राहायची. आनंदाभाऊ पडल्या जागेवरून तिला सांगायचे, "बसा ताई. आवाज आला म्हंजे लागलं न्हाई. आवाज आला न्हाई तर धावत या."

लहान मुलींना पडायला शिकवणं हे हळूहळू त्यांच्याकडेच आलं. कांबळे सर डाव शिकवायचे, भाऊ पडणं. ते मुलींना उभं करून विचारायचे, "मारायला सगळं गाव शिकीवतंय. पडायला कोन शिकीवतंय?" मुली ओरडायच्या, "तुम्ही!" माझी मुलगी घाबरट होती, मागे पडायचं म्हटलं की आकाशाकडे बघायची. भाऊ तिच्या पट्ट्याच्या गाठीत एक शेवंतीचं फूल खोचायचे. "ह्याच्याकडं बघत पड. फूल दिसायचं बंद झालं की डोस्कं आपटलंच म्हनून समज." तिला पडायला आलं. मग मलाही म्हणाले, "मॅडम, तुमी बी शिका. घरातली न्हाणी काय यादी बघून घसरवत न्हाई." मी शिकले नाही. नोकरी, स्वयंपाक, याद्या यांतून जमलं नाही.

जेवायच्या वेळी ते कधी खुर्चीवर बसले नाहीत. पंगत उठली की जमिनीवर भिंतीला टेकून, ताट मांडीवर. पाहुण्यांच्या आधी एक घास नाही. मुळगावकर सर म्हणायचे, "चौगले, बसा की आमच्याबरोबर." हे म्हणायचे, "तुमी जेवा सर. मी वाढतो." अंगावर सकाळपासूनचे वळ असायचे, आणि हे आमटीचं भांडं घेऊन रांगेतून फिरायचे. पाहुणा म्हणजे पाहुणा. तो मुंबईचा असो, जपानी डाव शिकवणारा असो. घरी आलेल्या माणसाला कमी पडू द्यायचं नाही, हे त्यांच्या अंगात होतं.

आणि घात झाला तो त्यातूनच.

ज्यूदोत एक रीत आहे. कुणी हात पिरगळला, गळा आवळला, मान दाबली आणि सहन होईना, की सापडलेल्याने गादीवर किंवा समोरच्याच्या अंगावर दोनदा हात थापटायचा. थापटलं म्हणजे पुरे. थापटलं की धरणाऱ्याने त्याच क्षणी सोडायचं. लाजायचं कारण नाही, मोठमोठे थापटतात. दर शिबिराच्या सुरुवातीला कांबळे सर हे सांगायचे आणि भाऊ ते करून दाखवायचे. मुलांना ते दहादा बजावायचे, "थापटायला लाजू नगा रं. हात मोडला तर आई मला इचारंल."

स्वतः मात्र पाहुण्याच्या हातात असताना ते थापटत नसत.

यावरून कांबळे सरांचा आणि त्यांचा वाद व्हायचा. शिबिर झाल्यावर गाद्या गुंडाळताना एकदा मी तो पूर्ण ऐकला.

"आनंदाभाऊ, तुम्ही थापटत का नाही?"

"सोसतंय की मला."

"सोसायचा प्रश्न नाही. रीत आहे."

"तालमीत कोन थापटतंय सर? एक तर सुटायचं, न्हाईतर पाठ लावायची. मधलं काय न्हाई."

"ही तालीम नाही."

"न्हाई, पन बघा. पावना येवढ्या लांबनं आलाय. समोर शंभर पोरं बसल्यात. त्यानं डाव धरलाय, आन् मी मधीच थापटलं तर त्येचा डाव अर्धा ऱ्हायला असं दिसतंय. पोरं म्हनतील, येवढाच व्हय?"

कांबळे सर चिडून गादी एका बाजूने सोडून गेले. भाऊंनी ती एकट्यानं गुंडाळली.

दुसऱ्या बाजूची रीतही सांगायला हवी, नाहीतर मुळगावकर सरांवर अन्याय होईल. ते वाईट माणूस नव्हते. मुलांशी मऊ बोलायचे, मुलींचा हात धरण्याआधी विचारायचे. पण त्यांना लहानपणापासून एकच माप शिकवलेलं होतं: डाव न्यायचा तो उके थापटेपर्यंत. थापटला की थांबायचं. तोवर त्याला त्रास होत नाही असं समजायचं. त्यामुळे ते आनंदाभाऊंना धरून थापेची वाट बघत पुढे पुढे जायचे, आणि भाऊ पाहुण्याचा डाव पूर्ण व्हावा म्हणून गप्प राहायचे. एक थाप येण्यासाठी थांबलेला, दुसरा ती न देण्यासाठी. शेवटी सर स्वतःच सोडायचे आणि मुलांकडे वळून कौतुकानं म्हणायचे, "हा माणूस रबराचा आहे. याला काही होत नाही."

मुलं टाळ्या वाजवायची. भाऊ उठून वाकायचे.

२००१ सालचं शिबिर स्वसंरक्षणाचं होतं. मुळगावकर सर त्या वेळी मानेचा एक डाव शिकवत होते. स्पर्धेत त्याला बंदी आहे. रस्त्यावर कुणी अंगावर आलं तर म्हणून शिकवतात. उकेचं डोकं काखेत घ्यायचं, मान वळवायची आणि कमरेवरून खाली आणायचं. एकदा दाखवला. मागच्या रांगेतली गडहिंग्लजची मुलं म्हणाली, "दिसलं न्हाई सर." पुन्हा दाखवला. मग सर म्हणाले, आता सावकाश, एकेक टप्पा थांबून. म्हणजे मान वळलेल्या अवस्थेत भाऊ बराच वेळ, आणि सर शांतपणे समजावत, की बघा, माझी कोपर इथे आहे, याचं वजन आता कुठे आहे.

आणि मग खाली आणलं.

मी दाराशी ताकाचे ग्लास मोजत होते. बघत नव्हते. पण मान वर केली, कारण थाप आली नाही. एवढा मोठा माणूस पडला आणि ताडपत्री नुसती सरकली.

भाऊ दोन-तीन श्वास तसेच पडून राहिले. मग कुशीवर वळले, गुडघ्यावर आले, उठले, वाकले. "झोप लागली हुती," म्हणाले. सगळे हसले. मुळगावकर सरांनी पाठीवर हात मारला आणि पुढचा डाव सुरू केला. तोही भाऊंवरच.

दुपारी ते नेहमीसारखे आमटी वाढायला आले नाहीत. भिंतीला टेकून बसले होते. ताकाचा ग्लास उचलला आणि तो हातातून सुटला. त्यांनी ग्लासाकडे पाहिलं, मग हाताकडे. मी पुसायला गेले तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मॅडम, तुपाचा हात हाय." ताटात तूप नव्हतं.

पुढचं सगळं हळूहळू झालं. बोटांना मुंग्या येऊ लागल्या. शर्टाची बटणं लागेनात. ते बिनबटणाचा बनियन घालून कामावर जाऊ लागले. गावी हाडवैद्यानं मान ओढून दिली, त्यानंतर आठ दिवस उशी सोसेना. शीतकरण केंद्रात एक दिवस त्यांच्या हातून भरलेला कॅन सुटला आणि शेजारच्या माणसाच्या पायावर पडता पडता राहिला. मग कांबळे सरांनी त्यांना जवळजवळ ओढून मोठ्या दवाखान्यात नेलं. मानेतला मणका सरकून आतल्या मज्जारज्जूवर दाब आला होता. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा, आणि इथून पुढे एकदाही पडायचं नाही. धक्का बसला तर पायही जातील.

भाऊ बाहेर येऊन सरांना म्हणाले, "मानंला सुरी लावून घेत न्हाई. आन् ह्ये मुळगावकर सरांस्नी कळता कामा न्हाई."

"का नाही? त्यांना कळायलाच पाहिजे."

"घरी आलेल्या मानसाच्या हातनं झालं म्हनून सांगायचं व्हय? त्यो परत कोल्हापुरात पाय ठिवंल का? शब्द द्या."

सरांनी शब्द दिला.

कॅन उचलायचं काम गेलं, फाटकावर बसायचं काम मिळालं. आणि पुढच्या मे महिन्यात पुन्हा शिबिर आलं. आम्ही दुसऱ्या मुलाला उके म्हणून तयार केलं होतं. भाऊ नुसते बघायला येणार होते. मानेला दवाखान्याचा पट्टा होता. मुळगावकर सर यायच्या आधी त्यांनी तो काढून पिशवीत घातला.

त्या दिवशी सुशीलावहिनी गावाहून आल्या. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. काष्ट्याचं लुगडं, हातात एसटीच्या प्रवासात चुरगळलेली पिशवी. आत यायला तयार नव्हत्या. दारातच उभ्या.

मुळगावकर सर आले, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, "आमचा रबर कुठे आहे?"

सगळी मुलं भाऊंकडे वळली. भाऊ उठले. कांबळे सर पुढे झाले, "सर, या वेळी हा मुलगा आहे..." पण भाऊ गादीच्या कडेला पोहोचलेही होते. वहिनी दारातून मोठ्यानं बोलल्या. त्यांचं बोलणं सगळ्या हॉलनं ऐकलं.

"अवो! ऐकताय न्हवं?"

भाऊ थांबले.

"जायचं तर जावा. पन थापटा. दुखलं की थापटा. माझ्या गळ्याची आन हाय."

मुलांमध्ये हशा पिकला. मुळगावकर सरही हसले. "बरोबर सांगतायत वहिनी," म्हणाले. त्यांना ती थट्टा वाटली.

भाऊ वहिनींकडे बघून म्हणाले, "थापटतो." आणि ते खोटं बोलले नव्हते. हे मी ठामपणे सांगू शकते, कारण त्यांचा चेहरा मी पाहिला. त्या दिवशी ते थापटणार होते.

कांबळे सरांनी मुळगावकर सरांच्या कानाशी जाऊन, कारण न देता, एवढंच सांगितलं, की मानेचं काही नको, पडायचं नको. सरांनी मान डोलावली. "नुसतं मनगट दाखवतो. उभ्या उभ्या." मनगट धरून आतल्या बाजूला वळवायचं, साधा डाव, पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतात तो. सरांनी धरलं आणि सावकाश वळवत गेले. भाऊ लक्ष देऊन हाताकडे बघत होते. दुसरा हात मांडीजवळ उघडा ठेवला होता, थापटायला तयार. ते दुखण्याची वाट बघत होते.

दुखणं आलंच नाही. त्या हाताला काही कळत नव्हतं.

आवाज आला तो वाळकी शेंग मोडावी तसा. सरांनी एकदम सोडलं. मनगट भलत्याच बाजूला लोंबत होतं आणि भाऊ अजून तसेच बघत होते, दुसरा हात तयार ठेवून. मग वहिनींकडे वळून म्हणाले, "दुखलंच न्हाई गं."

दारातल्या वहिनींनी तोंडात पदर कोंबला.

मुळगावकर सरांना ते मनगट फार लागलं. दवाखान्यात प्लास्टर होईपर्यंत बसून होते, दहादा माफी मागितली. "थापटायचं होतं हो चौगले, मी लगेच सोडलं असतं." भाऊ म्हणत राहिले, "माझंच चुकलं सर. ध्यान न्हवतं." मानेबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. सर मुंबईला गेले ते एक मनगट मोडल्याचं दुःख घेऊन गेले. बाकीचं त्यांना आजही माहीत नाही.

त्यानंतर पाय गेले. आधी एक ओढू लागला, मग दोन्ही. नोकरी सुटली, भाऊ गावी गेले.

त्यांना शेवटचं पाहिलं ते २००६ च्या पावसाळ्याच्या तोंडाला. कांबळे सर आणि मी गेलो होतो. सोप्यात खाटेवर बसवलेले, पाठीला पोत्याचा लोड. हात मांडीवर ठेवलेले होते, कुणी आणून ठेवल्यासारखे. अंग निम्म्यावर आलं होतं, आवाज मात्र तोच.

"या मॅडम! यादी आनली न्हाई व्हय?"

बोलणं शिबिराकडे वळलं. "आता उके कोन?" त्यांनी विचारलं.

सर म्हणाले, "मुळगावकर सर आता आपला माणूस मुंबईहून घेऊन येतात."

भाऊंना ते पटलं नाही. "त्यात काय बघायचं? पावण्याचा मानूस पावण्याच्या डावाला पडनारच की. आपल्यातला पडला तर पोरांस्नी पटतंय."

मग त्यांनी सरांना उभं राहायला लावलं. आदल्या महिन्यात वर्तमानपत्रात कसल्याशा स्पर्धेचा फोटो आला होता. त्यातला पडणारा मुलगा चुकीचा पडत होता म्हणे. "मान बघा त्येची. आभाळाकडं. सांगा कुनीतरी त्येला." सरांनी ते कसं पडायला हवं ते वहिनींनी शेणानं सारवलेल्या जमिनीवर करून दाखवलं. पन्नाशीचे कांबळे सर, पँट-शर्टात, पाठीवर. चांगली थाप आली. भाऊ खूश झाले. वळून आत ओरडले, "च्या टाक गं, सर पडले!" चहा आला तेव्हा वहिनींनी बशी त्यांच्या ओठाला लावली आणि ते बशीवरून आमच्याकडे बघत प्याले. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही.

वहिनी आम्हाला रस्त्यापर्यंत सोडायला आल्या. म्हणाल्या, "मुंबईच्या पावण्याला सांगायचं हाय मला. काय झालं ते. ह्ये जित्तं हायती तवर गप बसायचा शब्द घेतलाय माझ्याकडनं. तवर बसते."

आनंदाभाऊ त्याच वर्षीच्या थंडीत गेले.

मुळगावकर सरांनी शोक कळवला आणि पुढच्या शिबिरात आनंदाभाऊंच्या नावानं एक ढाल जाहीर केली. दर वर्षी सर्वोत्तम उकेला. भाषणात म्हणाले, "माझ्या हातात असताना हा माणूस एकदाही थापटला नाही." मुलांनी खूप टाळ्या वाजवल्या. कांबळे सर खाली बघत बसले होते. ढाल सुरू झाल्यावर मुलं थापटेनाशी झाली. गेल्या वर्षी गडहिंग्लजच्या एका मुलीची कोपर निखळली. तिला मी टेम्पोतून दवाखान्यात नेत होते. का थापटली नाहीस गं, म्हणून विचारलं, तर रडत रडत म्हणाली, "आनंदाकाका कुठं थापटायचे?"

हे मी वहिनींना फोनवर सांगितलं. त्यांनी आधी मुलीच्या हाताची चौकशी केली. मग म्हणाल्या, "आता पावणं कवा येनार?"

कांबळे सर तयार नाहीत. त्यांचं म्हणणं, माणूस गेला म्हणून दिलेला शब्द जात नाही. आणि मुळगावकर सर सत्तरीचे झाले, त्यांच्या छातीचं दुखणं निघालंय, आता हे ऐकून त्यांनी करायचं काय? वहिनींचं म्हणणं एका वाक्याचं आहे. "ज्येच्या हातनं झालं त्येला ठावं न्हाई, आन् पोरं मोडाय लागल्यात."

यंदाचं शिबिर मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आहे. हॉल सांगून झाला आहे. नव्या गाद्या आल्या आहेत. गडहिंग्लज आणि चंदगडची नावं आली आहेत. राधानगरीची सकाळची एसटी वहिनींना वेळेत पोहोचवते, तेही विचारून ठेवलं आहे. त्यांनी परवा पुन्हा फोन केला.

"मी वरडायची न्हाई, मॅडम. भांडायची बी न्हाई. त्यांस्नी आधी जेवू द्या. उपाशी मानसाला असलं काय सांगू ने. जेवान झालं की मी बसून सांगीन."

मुळगावकर सरांना फोन करून, जेवणानंतरचा अर्धा तास मोकळा ठेवा, एकजण भेटायला येणार आहे, एवढंच सांगायचं आहे. कोण, म्हणून ते विचारतील. फोन मी अजून केलेला नाही.